‘हं’ म्हणजे हो नव्हे

सगळा घोळ झाला तो एका ‘हं’मुळे.

आता तुम्ही म्हणाल, ‘हं’मध्ये काय एवढं? आपण दिवसभर म्हणतच असतो की. फोनवर पलीकडचा माणूस बोलत सुटला की हं, बायको बाजारातून काय काय आणायचं ते सांगते तेव्हा हं, पेपर वाचता वाचता पोराने काही विचारलं की हं. पण समुपदेशकाचा ‘हं’ वेगळा असतो, बरं का. तो शिकावा लागतो. समोरचा माणूस बोलत असताना त्याला मधेच तोडायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही, ‘अरेरे’ नाही, ‘बापरे’ नाही, ‘माझ्या मावसभावाचंही अस्संच झालं होतं’ हे तर मुळीच नाही. मान किंचित हलवायची आणि हं म्हणायचं. त्याचा अर्थ एवढाच की मी इथे आहे, ऐकतोय, बोला पुढे. ‘पटलं’ असा त्याचा अर्थ नाही. एखादी बाई सांगत असते की नवऱ्याचा गळा दाबावासा वाटतो, तेव्हाही समुपदेशक हंच म्हणतो. म्हणून काय त्याने गळा दाबायची परवानगी दिली?

अध्यक्षबाईंचा ‘हं’ या धंद्यात नावाजलेला होता. देशभरातल्या समुपदेशकांची जी संघटना आहे, तिच्या त्या अध्यक्ष. नवीन मुलं शिकायला आली की जुनी मंडळी सांगायची, बाईंचा हं ऐका एकदा, दगडसुद्धा बोलायला लागेल. आणि खरंच होतं ते. बस कंडक्टर त्यांना तिकीट देता देता घरचं गाऱ्हाणं सांगायचा. दाताचा डॉक्टर यांच्याच तोंडात आरसा घालून स्वतःच्या भावाशी चाललेल्या भांडणाबद्दल बोलत बसायचा, आणि बाई तशाही अवस्थेत हं म्हणायच्या.

संघटना त्यांनी कशी वाढवली, हे ज्याने पाहिलं त्यालाच माहीत. सुरुवातीला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं जमायची. समुपदेशकांना एकत्र आणायचं म्हणजे मांजरांची मिरवणूक काढण्यासारखं. जो तो आपल्या खोलीत, आपल्या दोन खुर्च्यांमध्ये खूश. ‘संघटना कशाला? आम्ही एकेकटेच बरे’ हे वाक्य बाईंनी गावोगाव ऐकलं. तरी त्या जात राहिल्या. बसने, मालगाडीच्या पाठोपाठ सुटणाऱ्या गाडीने, कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून. शाळेत काम करणारे, कारखान्यात काम करणारे, इस्पितळात, तुरुंगात काम करणारे, सगळ्यांना त्यांनी एका छत्राखाली आणलं. शाखा निघाल्या, शिकवणीचे वर्ग निघाले. आणि सगळ्यांनी मिळून एक आचारसंहिता केली, तिचं पहिलंच कलम असं होतं: खोलीत बोललेलं खोलीबाहेर जाणार नाही. कुणाच्या जिवावर बेतत असेल तेवढा एक अपवाद. बाकी कुणी मागितलं तरी नाही.

एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे सरकारी मान्यता. ती नसल्यामुळे कुणीही उठावं नि दाराला ‘समुपदेशक’ अशी पाटी लावावी. काल लग्न जुळवत होता, आज समुपदेशक. काल विमा विकत होता, आज समुपदेशक. अशा एकाने एका मुलीला ‘तुझ्यातच खोट आहे’ असं सांगून पार घरात कोंडून घ्यायला लावलं, ती बाईंकडे आली तेव्हा तिला उजेड सहन होत नव्हता. तेव्हापासून बाईंनी ध्यास घेतला. मान्यता मिळाली की संघटनेच्या सदस्याशिवाय कुणाला ही पाटी लावता येणार नाही. त्यासाठी त्यांनी सरकारी खात्याचे इतके उंबरे झिजवले की फाटकावरचा पहारेकरी त्यांना चहा विचारायला लागला होता.

आणि मग एक दिवस खात्याच्या सचिवसाहेबांनी स्वतःहून चर्चेला बोलावलं.

बाई गेल्या, सोबत उपाध्यक्ष गेले. उपाध्यक्षांचं टोपणनाव ‘दोन्हीबाजू’. माणूस सज्जन, मऊ, अंगात लोकरी जाकीट, पण कुठल्याही भांडणात ‘दोन्ही बाजूंचं समजून घ्यायला हवं’ असं म्हणणारा. घरात चोर शिरला तरी आधी त्याची बाजू ऐकून घेतील, असं लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. लांबलचक टेबलाच्या या टोकाला हे दोघे बसले, त्या टोकाला सचिवसाहेब, नि मधे बिस्किटांची बशी. सचिवसाहेब बोलू लागले. मान्यता देऊ म्हणाले. बाईंनी हं म्हटलं. नियम करावे लागतील म्हणाले. हं. मग म्हणाले की शाळेत नि कारखान्यात जे समुपदेशक आहेत, त्यांनी कोण काय बोललं याचा सारांश दर महिन्याला संस्थेच्या प्रमुखाला द्यायचा, म्हणजे प्रमुखाला आपल्या माणसांची कल्पना राहील.

हे तर आचारसंहितेच्या पहिल्याच कलमावर उठलं होतं. पण त्यांनी ठरवलं, आधी याला पूर्ण बोलू द्यावं. माणूस बोलून मोकळा झाला की मगच त्याला ऐकू येतं, हे त्या जन्मभर शिकवत आल्या होत्या. म्हणून त्या मान हलवत राहिल्या, हं म्हणत राहिल्या, शेजारी दोन्हीबाजूही हं म्हणत राहिले. शेवटी साहेबांचं बोलणं संपलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला, आणि साहेब घड्याळ बघत उठून उभे राहिले. “वा! फार छान चर्चा झाली,” म्हणाले. हात मिळवला आणि गेलेसुद्धा.

चार दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं, ‘संघटनेच्या प्रतिनिधींनी प्रत्येक मुद्द्याला संमती दर्शवली.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण राग तरी कुणावर काढणार? हं तर त्यांनीच म्हटलं होतं.

इतिवृत्त सगळीकडे फिरलं. संघटनेची कचेरी एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली शिकाऊ लोक दिवसभर गाडी मागे घेत असतात, भोंगा वाजवत असतात. त्या आठवड्यात भोंग्यापेक्षा फोन जास्त वाजला. कुणी म्हणे बाईंनी संघटना विकली, कुणी म्हणे खुर्चीसाठी केलं. ज्या शाखा उभ्या करायला बाईंनी चपला झिजवल्या, तिथूनच राजीनाम्याची मागणी आली. बाई प्रत्येकाचं ऐकून घेत होत्या. सवयीने मधे मधे हं म्हणत होत्या आणि मग स्वतःचीच जीभ चावत होत्या.

एका दुपारी कुजबुज आली.

कुजबुज ही एका शाळेतली समुपदेशक. वयाने लहान, चणीने लहान, आणि आवाज इतका बारीक की समोरच्याला कान पुढे करावा लागे. मुलांना तेच आवडायचं. कुजबुज आत आली, खुर्चीच्या कडेला टेकली. म्हणाली, “बाई, मला घरी बसवलंय.”

“का गं?”

“मुख्याध्यापकांनी सारांश मागितला. मी म्हटलं, नियम अजून झालेला नाही. ते म्हणाले, तुमच्याच संघटनेने मान्य केलाय, हे बघ, छापून आलंय. मी दिला नाही. मग चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.” तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. “नववीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. घरी काय चालतं ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती, निम्मंच सांगून झालं होतं. तिचे काका शाळेच्या कमिटीवर आहेत. तिला कळलं की आता सगळं वर जाणार. ती परत आलीच नाही बाई. जिन्यात दिसली तर दुसरीकडे बघून गेली.”

खाली कुणीतरी गाडी भिंतीला ठोकली, मास्तरांचा ओरडा ऐकू आला. कुजबुजने मान वर केली.

“बाई, तुम्ही खरंच हो म्हणालात?”

इतक्या शिव्या ऐकल्या होत्या बाईंनी, पण हा प्रश्न काळजात घुसला. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. “मी हं म्हटलं गं,” त्या म्हणाल्या. “नुसतं हं.”

कुजबुजला लगेच समजलं. धंद्यातलीच ती. तिने बाईंच्या हातावर हात ठेवला, आणि त्यामुळे बाईंना आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक बोलावली. आता समुपदेशकांची बैठक तुम्ही पाहिली नसेल. भांडण म्हणून करता येत नाही या लोकांना! सगळे गोल करून बसले. एकजण म्हणाला, “मला असं जाणवतंय की या खोलीत खूप राग आहे.” दुसरी म्हणाली, “तुम्हाला राग जाणवतोय, असं तुम्ही म्हणताय.” तिसरा म्हणाला, “आपण या रागासोबत थोडं शांत बसू या का?” आणि बसले की शांत! तीन मिनिटं भिंतीकडे बघत.

“अहो, राग आलाय तर रागवा ना!” बाई टेबलावर थाप मारून ओरडल्या. “शांत कसले बसताय? त्या पोरीला घरी बसवलंय!”

खजिनदारांनी लगबगीने कागदी रुमालांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी तो उचलून खिडकीत ठेवला.

मग दोन्हीबाजू बोलले. “मान्यता हातची घालवू नये असं माझं मत आहे. आज आत शिरू, उद्या आतून नियम बदलू. आणि समजा आपण नाही म्हटलं, तर ती मान्यता कुणाच्या पदरात पडेल? पाट्या लावणाऱ्यांच्या. मग त्या उजेडाला घाबरणाऱ्या मुलीसारख्या किती मुली होतील, विचार करा.”

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. बाईंना रात्रंदिवस तेच तर खात होतं. मान्यता सोडली तर भोंदूंना रान मोकळं. घेतली तर कुणी खोलीत येऊन बोलणारच नाही. बैठक उठली ती काहीच न ठरता, सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानून.

दुसऱ्या दिवशी बाई तडक सचिवसाहेबांकडे गेल्या.

“इतिवृत्त दुरुस्त करा,” त्या म्हणाल्या. “आम्ही संमती दिलेली नाही.”

“असं कसं? तुम्ही हं म्हणालात. माझ्या कानांनी ऐकलं. दर मुद्द्याला.”

“तो ऐकण्याचा हं होता.”

साहेब मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता तो, घाईतला माणूस होता, आणि घाईतल्या माणसाशी गाठ पडणं जास्त वाईट. “अहो बाई, सरकारी कामकाजात ऐकण्याचा हं वेगळा आणि मान्य असल्याचा हं वेगळा, असं नसतं. काही मान्य नव्हतं तर तेव्हाच बोलायचं. तुमची तोंडं कुणी धरली होती?”

बाईंनी इतिवृत्ताचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“हे बघा,” साहेब जरा पुढे झुकले, “किती वर्षं खेटे घालताय? तुमच्या अधिवेशनाला मी येतो. मान्यतापत्र सोबत आणतो. व्यासपीठावरून तुम्ही एकदा ‘मान्य’ म्हणा, पत्र तुमच्या हातात. माझी माणसं बाहेर टेबल टाकतील, सदस्यांनी नियमाखाली सही करायची, ओळखपत्र घेऊन घरी जायचं. नाही तर ते मार्गदर्शक मंडळवाले तयारच आहेत. रोज येऊन बसतात बाहेर.”

पाट्या लावणाऱ्यांचं ते मंडळ बाईंना माहीत होतं. लग्न जुळवणारा त्याचा चिटणीस होता. त्यांच्या घशात हं आला होता, तो त्यांनी गिळला, आणि त्या उठल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने चहा विचारला, तोही घेतला नाही.

घरी नणंद आलेली होती. ही नणंद भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारते. नवऱ्यापेक्षा मोठी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला बोलली तर स्वयंपाकघरात भांडी थरथरतात. पहाटेचा बाजार उरकला की ती भावाकडे येते, टोपलीतलं उरलंसुरलं ओट्यावर ओतते आणि वहिनीची चेष्टा करते. वहिनीच्या व्यवसायाला ती ‘पगारी गप्पा’ म्हणते.

“काय गं, चेहरा का पाडलायस? आज कुणी बोललं नाही वाटतं तुझ्याशी?”

बाईंनी सगळं सांगितलं. नणंद घेवड्याच्या शिरा काढता काढता ऐकत होती, आणि ऐकता ऐकता इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

“आमच्या बाजारात नाक खाजवलं तरी टोपल्या गळ्यात पडतात. आणि तू मान हलवून हं म्हणालीस? तेही दर मुद्द्याला? मी तर तुला अख्खा ट्रक विकला असता!”

“हसा वन्सं, हसा. तिकडे त्या पोरीला घरी बसवलंय.”

नणंदेचं हसू ओसरलं. “मग नाही म्हण ना जाऊन. सगळ्यांसमोर.”

“तेच करायचंय.”

“म्हणून दाखव.”

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त काढायचाय? मी तुझा साहेब. ‘काय बाई, मान्य ना?’”

बाईंनी श्वास घेतला. “नाही, म्हणजे, तुमचा मुद्दा माझ्या लक्षात येतोय, पण...”

“झालं!” नणंदेने घेवड्याची शेंग ओट्यावर आपटली. “त्या ‘म्हणजे’त गेलीस तू. ‘नाही, म्हणजे’ म्हटलं की गिऱ्हाईक ओळखतं, ही घसरणार. तो ‘म्हणजे’ गिळ. परत.”

“नाही, तसं बघितलं तर...”

“परत!”

नवरा दाराशी येऊन बघून गेला. कधी कुणाला दटावून बोलली नाही ती आपली बायको स्वयंपाकघरात उभी राहून नुसतं नाही-नाही करतेय, हे पाहून तो पाणी न पिताच परतला. बाईंना वाटलं होतं, सोपं असेल. पण नाही म्हणून गप्प बसायचं, समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू द्यायचं, त्याच्यावर फुंकर घालायची नाही, हे त्यांच्या हाडात नव्हतं. अख्खं आयुष्य फुंकर घालण्यात गेलं होतं. घेवडा निवडून झाला तेव्हा कुठे एक ‘नाही’ असा निघाला की नणंदेने मान डोलावली.

अधिवेशनाला सभागृह गच्च भरलं. कुठून कुठून माणसं आली होती, गाड्या बदलून, उभ्याने प्रवास करून. निम्मी बाईंना जाब विचारायला आली होती आणि तसं तोंडावर दिसतही होतं. कुजबुज पहिल्या रांगेत टोकाला बसली होती. बाहेर प्रवेशदालनात सचिवसाहेबांच्या माणसांनी टेबल टाकलं होतं. एक चष्मेवाला कारकून, पुढ्यात रजिस्टर, शेजारी ओळखपत्रांचा गठ्ठा.

सचिवसाहेबांनी भाषण केलं. भाषण चांगलंच करतात ते. देशाला समुपदेशकांची किती गरज आहे, हे इतकं छान सांगितलं की लोक राग विसरून टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांनी फाइलमधून मान्यतापत्र काढलं, सगळ्यांना दिसेल असं धरलं.

“तुमच्या अध्यक्षांनी खात्याबरोबर सगळे मुद्दे मान्य केलेलेच आहेत. आज फक्त तुमच्यासमोर एकदा. काय बाई, मान्य आहे ना?”

बाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. दोन्ही हातांनी त्यांनी मेज घट्ट धरलं. ते पत्र हाताच्या अंतरावर होतं. त्यावर लाल शिक्का होता.

“नाही,” त्या म्हणाल्या.

आणि थांबल्या. पुढे काहीच बोलल्या नाहीत. साहेब वाट बघत राहिले, म्हणजे नाही-च्या पुढचं काहीतरी येईल म्हणून. येईना, तेव्हा त्यांनीच विचारलं, “नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी मी तुमचं ऐकून घेत होते. ते चुकलं. मी तिथेच तुम्हाला तोडायला हवं होतं. माझ्या गप्प बसण्याने पहिल्या रांगेतल्या या पोरीवर घरी बसायची वेळ आली आणि एका मुलीने तोंड मिटून घेतलं. मी आज परत गप्प बसणार नाही. आमच्याकडे माणूस येतो तो अंगावरचं सालटं काढल्यासारखा बोलतो. ते तुमच्या मुख्याध्यापकाला नि मॅनेजरला वाचायला द्यायचं? मग पाटी कुणाची का असेना, त्या भोंदूत नि आमच्यात फरक काय राहिला? या अटीवर आम्हाला मान्यता नको. अशी मान्यता मिळण्यापेक्षा मी संघटना परत वाचनालयाच्या मागच्या खोलीत नेईन. नेऊन वाढवेन परत. मला येतं ते.”

टाळी पडली नाही. कुणालाच काय करावं सुचेना. सचिवसाहेबांनी मात्र डोकं शांत ठेवलं. ते व्यासपीठावरच्या दुसऱ्या खुर्चीकडे वळले.

“उपाध्यक्षसाहेब, तुम्ही समंजस आहात. एका माणसाच्या हट्टापायी एवढ्या लोकांचं नुकसान का व्हावं? तुम्हाला तरी पटतंय ना मी काय म्हणतो ते?”

दोन्हीबाजूंनी मान किंचित हलवली. “हं,” म्हणाले. आणि तो हं समोरच्या ध्वनिक्षेपकातून सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“ऐकलंत?” साहेब म्हणाले. दोन्हीबाजूंचं तोंड उघडंच राहिलं, कान लाल झाले. काहीतरी बोलायला ते अर्धवट उठले, तोवर साहेबांनी पत्र फाइलमध्ये परत ठेवलं होतं. “पत्र मी घेऊन जातोय. अध्यक्षांना नको असेल तर नको. पण ज्याला शहाणपण आहे त्याने बाहेर सही करावी, त्याला वैयक्तिक मान्यता मिळेल. टेबल संध्याकाळपर्यंत उघडं आहे.”

ते गेले. आणि त्यांच्या मागोमाग लोक उठले. आधी दोन्हीबाजू, जवळजवळ पळतच. मग पुढची रांग, मग मधल्या रांगा. कुणी बाईंकडे बघेना. खुर्च्यांचा खडखडाट झाला, दारं उघडली, आणि बघता बघता सभागृह रिकामं झालं. कुजबुजसुद्धा उठून गेली.

बाई व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या. संपलं, त्यांना वाटलं. संघटना म्हणजे माणसं, आणि माणसं टेबलाकडे गेली. त्यांना लोकांचा राग आला नाही. पोटापाण्याचा प्रश्न असतो. पण आपण चुकलो असंही त्यांना वाटेना, कितीही चाचपून पाहिलं तरी वाटेना. एकट्याने तर एकट्याने, पण हे सोडायचं नाही. त्या उठल्या, पदर खोचला, आणि बाहेर निघाल्या. निदान ताठ मानेने त्या टेबलासमोरून जावं म्हणून.

प्रवेशदालनात रांग लागली होती. टेबलापासून निघून भिंतीच्या कडेने वळून पार जिन्यावर गेली होती. बाईंनी डोळे समोर ठेवले आणि चालायला लागल्या. टेबलापाशी पोचल्या तेव्हा कारकुनाचा आवाज चढलेला होता.

“अहो, पण सही कुठे करणार तुम्ही? इथे एकच रकाना आहे, ‘नियम मान्य’. मान्य नसेल तर सही करायची नाही, घरी जायचं. इतकं सोपं आहे.”

“घरी नाही जायचं,” रांगेतला पहिला माणूस म्हणाला. लोकरी जाकीट, लाल कान. दोन्हीबाजू. “गप्प घरी गेलो की तुम्ही ते ‘संमती’ म्हणून लिहिता. आत्ताच लिहिलंत माझ्या नावावर. मला नाही म्हणायचंय. तसं लिहून घ्या.”

“नाही लिहायला जागाच नाही साहेब!”

“याला दुसरी बाजू नाही,” दोन्हीबाजू म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, आयुष्यात इतक्या जोरात ते कधी बोलले नसतील. “जागा नसेल तर करा.”

बाई जागच्या जागी खिळल्या. त्यांनी रांगेकडे नीट पाहिलं. राजीनामा मागणारा, तुरुंगात काम करणारा एक समुपदेशक उभा होता. ‘रागासोबत शांत बसू या’ म्हणणारा उभा होता. कुजबुज टेबलापासून तिसरी होती.

“अहो, किती जणांचं असं लिहू मी?” कारकून काकुळतीला आला.

“सगळ्यांचं,” कुजबुज म्हणाली, आणि जिन्यावरच्या माणसालाही ते ऐकू गेलं.

कारकुनाने दाराकडे पाहिलं. सचिवसाहेबांची गाडी केव्हाच गेली होती. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खण उघडून फूटपट्टी बाहेर काढली आणि रजिस्टरच्या कोऱ्या समासात वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

“या रकान्याला मथळा काय घालू?” त्याने विचारलं.